जागा तिची, वार त्याचा

समुद्रासमोर माणूस खोटं बोलू शकत नाही, असं म्हणतात. हे नवरा-बायको सकाळपासून समुद्राच्या कडेकडेने गाडीतून चालले होते आणि आतापर्यंत फक्त टायरमधल्या हवेवर बोलले होते.

ठरलं होतं ते असं : किल्ल्याच्या बुरुजावर बसायचं आणि तिथे ती काय ते सांगणार. घरी परत येणार, की बहिणीकडेच राहणार. तोवर त्या विषयावर चकार शब्द नाही. तोडगा मेव्हणीने काढला, बुरुज बायकोने निवडला. वार निवडणं तेवढं त्याच्याकडे आलं.

तो इतिहासाचा प्राध्यापक. या किनाऱ्यावर जुनं काही दिसलं की त्याच्यासमोर जी पाटी असते, तिचा मजकूर बहुधा त्याचाच. ती भूलतज्ज्ञ. माणसं बेशुद्ध करणं हा तिचा पेशा. घरी ते काम तो करायचा.

दीपगृहापाशी त्याने गाडी हळू केली. कठड्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते.

"इथे दोन आरमारं समोरासमोर उभी ठाकली होती," तो म्हणाला.

"मग?"

"वारा पडला. दोन्ही परत गेली."

"ही पण पाटी तुमचीच?"

"हो."

"वाटलंच. शेवटी काही होतच नाही."

तुमचीच. लग्न झाल्यापासून ती त्याला 'अरे' म्हणायची. 'अहो' फक्त सासूबाईंसमोर. बहिणीकडे गेली आणि 'अहो' कायमचं सुरू झालं. त्याने आरशातून मागची सीट एकदा बघून घेतली. आई नव्हती.

पुढच्या वळणावर त्याने करकचून ब्रेक दाबला. रस्ता लाल होता आणि हलत होता. डोंगरातले खेकडे अंडी घालायला समुद्राकडे निघाले होते. सगळे घाईत, आणि सगळे आडवे.

"हॉर्न वाजवा."

"उपयोग नाही. आडव्यात शिरलेल्याला हॉर्न ऐकू येत नाही."

ती वळली. "मला म्हणताय?"

"खेकड्यांना म्हणतोय." त्याने इंजिन बंद केलं. "जाऊ दे त्यांना. संध्याकाळ होईल फार तर. मग बुरुजाचं उद्या बघू."

अडकलेल्या माणसाला शोभेल त्यापेक्षा त्याचा आवाज जरा जास्तच निवांत होता. ती खाली उतरली, डिकीतून छत्री काढली आणि गाडीपुढे चालू लागली. "चला, बाजूला व्हा, नातेवाईकांनी बाहेर थांबा," असं वॉर्डातल्या आवाजात म्हणत ती एकेक खेकडा छत्रीने कडेला सारत होती. मागून तो गाडी मुंगीच्या पावलांनी आणत होता. एवढ्या घाईने ती त्याला सोडायला निघाली असेल, तर बुरुजावर चढण्यात काही अर्थ नव्हता.

"अरे, थांब!"

त्याने ब्रेक दाबला. चाकासमोर एक खेकडा नांग्या उगारून गाडीला सामोरा उभा होता. तिने त्याला अलगद उचलून कठड्यापलीकडे ठेवलं.

"थांबा, म्हणायचं होतं," ती सावरून म्हणाली.

"पहिलंच बरं होतं."

तिने छत्री झटकली आणि पुढे चालू लागली.

किल्ल्यापाशी रस्ता संपला. लोखंडी फाटकाला हाताएवढं कुलूप होतं. शेजारी निळी पाटी. दीपगृहानंतर लागलेल्या सगळ्या पाट्यांपैकी हीच एक त्याने मोठ्याने वाचली नाही. म्हणून तिने वाचली. बांधकाम, वेढा, तह, तटाची उंची. मग शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"आज वार कोणता?"

"सोमवार."

तिने पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली, सावकाश, भूल देण्याआधी कागद वाचावेत तशी. छत्रीच्या टोकाने शेवटच्या ओळीवर दोनदा टकटक केलं. 'सोमवारी बंद.'

"ही कुणाची?"

तो समुद्राकडे बघत राहिला.

"तुझीच ना रे?"

"उद्या सकाळी नऊला उघडतो," तो म्हणाला.