रत्नप्रभाबाईंची साक्ष

"काकू, तुमची साक्ष सकाळीच झाली," खिडकीतला कारकून म्हणाला. "तुमच्या प्रतिरूपानं दिली. तीन सेकंदांत निकाल लागला."

आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालयात आता माणसाऐवजी त्याच्या जुन्या पत्रांवरून घडवलेलं प्रतिरूप बोलत असे. रत्नप्रभा मगदूम तरीही सांगलीहून आपल्या हळदीच्या ओलाव्याच्या नोंदी घेऊन आल्या होत्या. हळद जहाजावर चढली तेव्हा ओलावा नऊ टक्के, म्हणजे मर्यादेच्या आतच होता. ती भिजली दावा लावणाऱ्या मस्कतच्या व्यापाऱ्याच्याच गोदामात.

"काय म्हणालं ते?"

"'चूक आमचीच असेल, राग नसावा.' त्यावरून तुमचा निर्यात परवाना रद्द झालाय."

"अहो, गिऱ्हाइकाला आम्ही तसंच लिहितो. सासऱ्यांपासूनची रीत आहे ती. या नोंदी तरी बघा."

"कबुली मिळाल्यावर पुरावा बघत नाहीत, काकू. हरकत तेवढी नोंदवता येईल."

हरकती नोंदवणाऱ्या यंत्रासमोर उभं राहताच बाईंचा इतक्या वर्षांचा संयम सुटला. "चूक माझी नव्हती. हळद त्यानं भिजवली, आणि खोटंही तोच बोलतोय."

यंत्रानं ती वाक्यं त्यांच्या वीस वर्षांच्या पत्रांशी ताडून पाहिली. मग पडद्यावर अक्षरं उमटली: 'बोलणारी व्यक्ती रत्नप्रभा मगदूम नाही. हरकत अमान्य.'