टकळीचं दुखणं

दिवसभर तोंड चालू असायचं, म्हणून घरात सगळे तिला टकळीच म्हणायचे. पण टकळी वयात आली आणि आत्या राहायला आली.

"मुलीच्या जातीनं असं खिदळू नये. दाणदाण चालू नये. चारचौघांत पुन्हा वाढून घेऊ नये."

आत्याची जिरवायची म्हणून टकळीने सगळं तंतोतंत पाळलं. मग हळूहळू तिला खरंच हसू येईना, तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. वडील तर पार घाबरले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. आत्या अर्थातच सोबत.

"काय होतंय गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टकळी तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "बोलत नाही, हसत नाही, जेवणात लक्ष नाही. एवढी गोड पोर, पार कोमेजून गेली हो!"

"कधीपासून?"

"आत्या आल्यापासून," टकळी पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर झटकला, पुसला आणि आत्याच्याच तोंडात ठेवला.

"अंऽ? अंऽऽ?"

"बोलायचं नाही, पारा चुकतो." मग त्या टकळीकडे वळल्या. "हं, आता तू सांग."

टकळीने आत्याच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि ती अशी खो खो हसत सुटली, की बाहेर ताटकळलेले पेशंट दारातून डोकावले.

वडिलांनी डोळे पुसले आणि दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, हे घरी वापरायला मिळतं का हो?"