टेकडीवरून फोन

वीरायुत बायकामुलांना घेऊन फेत्चबुरीला आला तो समुद्रावर लोळायला. आईचं घर वाटेतच होतं, पण तिथे शिरलं की सुट्टी तिचीच होऊन जाते. टेकडीवरच्या राजवाड्यातून मात्र तिचं लाल छप्पर दिसलं आणि त्याला राहवेना. त्याने फोन लावला.

“आई, यंदाही नाही जमत गं. बँकॉकलाच अडकलोय, ऑफिसात.”

“असू दे. काम आधी. जेवलास का?”

“हो,” तो म्हणाला. तेवढ्यात मागच्या कठड्यावर माकडांची जुंपली आणि एकच कलकलाट झाला.



“ऑफिसातून खाली उतरताना चष्मा तेवढा खिशात घाल,” ती म्हणाली. “त्या माकडांनी लहानपणीही तुझा पळवला होता.”