पेंग्विनांच्या खाडीचा परवाना

"मावशी, पेंग्विन तर जन्मतःच सूट घालून उभे असतात. वऱ्हाडी फुकटात!" सलील चौबळ स्वतःच्याच विनोदावर हसला आणि त्याने संदेश मिठाईचं खोकं विजयाबाईंपुढे सरकवलं.

विजयाबाईंनी खोक्याला हात लावला नाही. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या घराचं दार एरवी अनोळखी माणसाला उघडत नसे. पण बाहेरून "विजयामावशी आहेत का?" असं स्वच्छ मराठी ऐकू आलं आणि त्यांनी कडी काढली. मुलगा निघाला त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा, निर्मला चौबळचा. निर्मलाकडे बेहालाला दर चैत्रात हळदीकुंकू असायचं. वाटली डाळ आणि पन्हं, शेजारच्या बंगाली बायकासुद्धा मागून घ्यायच्या. निर्मला गेली, ते सगळंच गेलं. तिच्या मुलाला दारात उभं कसं ठेवणार?

आता त्यांना वाटत होतं, ठेवायला हवं होतं.

तरुणपणी विजयाबाई प्राणिशास्त्रज्ञ म्हणून अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या होत्या. म्हणून निवृत्तीनंतरही दिल्लीची समिती तिथल्या एका संरक्षित खाडीच्या परवान्यांसाठी त्यांचं मत मागवी. त्या खाडीत पेंग्विनांची वीण होते. एका हंगामात एकाच गटाला आत सोडतात. यंदा अर्ज दोन होते. एक विजयाबाईंकडे आला होता, दुसरा आणखी कुणा तज्ज्ञाकडे गेला होता. अर्जदारांची नावं झाकलेली असत. तज्ज्ञाने अर्जदाराला भेटायचं नाही, असा नियमच होता.

"अर्ज आलाय ना तुमच्याकडे?" सलील म्हणाला. "सहा जण, पक्ष्यांची मोजणी, थोडं चित्रण?"

विजयाबाई चमकल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"दिल्लीत चार जणांना चहा पाजला की सगळं कळतं. अहो, मोजणीबिजणी कागदावर लिहावीच लागते. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. एका बड्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न आहे. सगळं वऱ्हाड जहाजावर. मुलगी शालू नेसून पेंग्विनांच्या घोळक्यात उभी, वरून ड्रोन फिरतोय! जगात कुणी केलं नसेल."

"तिथे पक्षी अंडी उबवत बसलेले असतात, सलील."

"मग थोडे बाजूला करायचे. फोटोपुरते."

विजयाबाईंच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. मोहिमेतला एक जण फोटोसाठी दोन पावलं जास्त पुढे गेला. पेंग्विन बिचकून उठला, वरून स्कुआ हा शिकारी पक्षी झेपावला आणि अंडं घेऊन गेला. मोहिमेच्या प्रमुखांनी त्या माणसाला परत येईपर्यंत जहाजाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं होतं. शिक्षा जास्त झाली असं कुणालाही वाटलं नाही, त्यालाही नाही. कशी माणसं होती! किनाऱ्यावर उतरण्याआधी सगळे डेकवर ओळीने बसायचे आणि तांदूळ निवडावेत तसं बुटांच्या तळव्यांतून गवताचं एकेक बी सुईने काढायचे. बाहेरचा कणसुद्धा तिथे जाता कामा नये.

"अक्षता पण टाकणार असाल," त्या खोचकपणे म्हणाल्या.

"थोड्याच. पक्षी टिपतील की!"

त्या खाडीला विष्ठेचा आणि सडक्या माशांचा वास येई. महिनाभर तो विजयाबाईंच्या कपड्यांतून गेला नव्हता, पण त्यांना कधी किळस वाटली नव्हती. आता समोर बसलेल्या माणसाच्या अत्तराची मात्र वाटली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "निर्मलाच्या पोटी तू कसा जन्मलास रे?"

"रागावलात? बरं, मी येऊन गेलो हे कुठे बोलू नका हं. नियम आहे ना, तुमचीच पंचाईत व्हायची."

तो गेल्यावर विजयाबाईंनी खोकं उचलून कचऱ्याच्या बादलीत टाकलं. अन्न फेकायची त्यांची ही पहिलीच वेळ. मग साबणाने दोनदा हात धुतले.

अर्ज त्यांनी पुन्हा वाचला. कालच तो वाचताना त्यांना भरून आलं होतं. पक्ष्यांपासून किती लांब थांबायचं, बूट कसे धुवायचे, पक्षी अस्वस्थ झाला तर काम सोडून मागे फिरायचं, सगळं लिहिलेलं. आपल्याच वेळचं कुणीतरी लिहिलंय असं वाटून त्यांनी होकार लिहायला घेतला होता. आज त्या प्रत्येक सोज्वळ वाक्याची त्यांना शिसारी आली. त्यांनी होकार खोडला आणि लिहिलं, "अर्जदारांचा हेतू खरा नाही. परवानगी देऊ नये."

कारण लिहिलं नाही. त्यांच्या शब्दाला आजवर कुणी कारण विचारलं नव्हतं.

दुपारी त्यांना शांत झोप लागली.

आठवड्याभराने दिल्लीहून समितीचे सचिव गुरुदत्त यांचा फोन आला.

"विजयाताई, निर्णय झाला. तुमचा नकार सगळ्यांनी मान्य केला. आता नावं सांगायला हरकत नाही."

"सांगा, सांगा," विजयाबाई म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

"वृंदा आणि लीना, त्यांच्यासोबत चार विद्यार्थी. दोघी गेली अकरा वर्षं त्याच खाडीतले पक्षी मोजतायत. वृंदा रडली हो फोनवर. पण म्हटलं, ताई नाही म्हणतात म्हणजे तसंच काहीतरी असणार."



"पण तिथे... लग्न होतं ना?"

"कुणाचं लग्न?" गुरुदत्त हसले. "काहीतरीच तुमचं! दुसरा अर्जही व्यवस्थित आहे, निसर्गशिक्षणाची सहल. परवाना त्यांना दिला. त्यांचे प्रमुख तर तुमच्या कोलकात्याचेच, आणि मराठी. सलील चौबळ. ओळखता का?"