दोघींत एक बाथरूम

आई बाथरूममध्ये शिरली ती नळाला पाणी येतं का ते बघायला. बाथरूम दोन खोल्यांच्या मधोमध होतं. इकडून एक दार, तिकडून एक. इकडची खोली रिकामी होती, लेकीला मिळण्यासारखी; तिकडे एक मुलगी आधीच राहत होती. आत जाणारीने दोन्ही कड्या लावायच्या, एवढाच काय तो होस्टेलचा नियम. आईने दोन्ही लावल्या.

पाणी आलं. जोरात, आणि चक्क गरम! आईने हात धुतले. मग तोंड. मग मेली काय बुद्धी झाली कोण जाणे, पालथ्या बादलीवर टेकली आणि नळाखाली पाय सोडून बसूनच राहिली.

घरी सात माणसं आणि एक बाथरूम. ही आत गेली रे गेली की सासऱ्यांना खोकला यायचा, दीर "वहिनी, आटपा!" म्हणून ओरडायचा, नवरा तर दारच बडवायचा. वीस वर्षांत एक आंघोळ धड झाली असेल तर शपथ. आणि इथे? टकटक नाही, हाक नाही, बाहेर कुणी आहे की नाही अशी शंका यावी.

अशी जागा या अठरा वर्षांच्या कार्टीला! आईच्या पोटात दुखायला लागलं. हेवा वाटत होता, सरळ सरळ हेवा, आणि तोही पोटच्या पोरीचा. तिला लाज वाटली. पण हेवा काही गेला नाही.

ती बाहेर आली तेव्हा लेक भिंतीला टेकून उभी होती, फॉर्म हातात घेऊन. जुन्या इमारतीत वीसजणींना मिळून चार न्हाण्या, इथे दोघींत एक. दोन्हींपैकी एका इमारतीपुढे खूण करायची आणि खाली पालकाची सही.

"हीच ना, आई?"

"काही नको. जुनीच बरी. चार मुलींत मिसळशील, रांगेत उभं राहायची सवय होईल. इथे नुसते लाड."

आपण थेट सासूबाईंसारखं बोललो, हे तिचं तिलाच कळलं. तरी तिने जुन्या इमारतीपुढे खूण केली आणि सही ठोकली.

लेकीने फॉर्मकडे बघितलं. ना हट्ट, ना रुसवा. "बरं," म्हणाली आणि तो द्यायला खाली ऑफिसात गेली.

आई ओले पाय पुसत होती, तेवढ्यात शेजारची मुलगी खांद्यावर टॉवेल टाकून डोकावली.

"झालं का काकू? जाऊ मी?"

"अगंबाई, तू खोळंबली होतीस? मग दार वाजवायचं ना!"

"वाजवणारच होते. तर तुमची मुलगी धावत माझ्या खोलीत आली. अर्धा तास दारापाशी ठाण मांडून बसली होती, आतून कडी वाजली तेव्हा कुठे इकडे पळाली. माझ्या मैत्रिणी गप्पा मारत होत्या, त्यांनाही गप्प केलं. म्हणाली, घरी माझ्या आईला कुणी निवांत बसू देत नाही. आज तिला कुणी हाक मारायची नाही."

आईने चपला शोधल्या नाहीत. ती तशीच, ओल्या पायांनी, जिन्याकडे धावली.