आतली मूठ

दार चौकटीत बसत नव्हतं. धाकू सुताराने ते चौथ्यांदा लावून पाहिलं आणि चौथ्यांदा त्याचा खालचा कोपरा बग्गीच्या उंबऱ्याला घासला. वर बोटभर फट, खाली घासणी. दौलत लोहाराने वाकलेल्या बिजागऱ्या ठोकून सरळ करून दिल्या होत्या. पण सरळ म्हणजे पहिल्यासारख्या नव्हेत.

"अजून किती वेळ?" हरिहरपंत वकील ओटीवरून ओरडले. "ऊन चढायच्या आत माजिवडा गाव मागे पडायला हवं. कोचमन पोपट घोडे आणायला गेलासुद्धा."

धाकूने दार पुन्हा उतरवलं. सकाळपासून त्याचं डोकं तापलेलं होतं.

चार दिवसांपूर्वी याच बंद गाडीतून वकिलांची चौदा वर्षांची लेक सुमती माहेरपण संपवून परत सासरी निघाली होती. घोडबंदरच्या रस्त्यावर तिने धावत्या गाडीचं दार उघडलं आणि खाली उडी टाकली. उघडं दार मैलाच्या दगडावर आपटलं आणि बिजागऱ्यांसकट उखडलं. पोरीचा गुडघा फुटला. पोपटाने तिला उचलून परत ठाण्याला आणलं. आज तिला पुन्हा पाठवायचं होतं, दार दुरुस्त झालं की लगेच.

ती ओटीवर खांबाशी बसली होती, पण खांबाला टेकली नव्हती. एकदा तिची पाठ चुकून लाकडाला लागली आणि ती चटका बसल्यासारखी पुढे सरकली. धाकूने ते पाहिलं आणि दात आवळून मान खाली घातली.

त्याने दाराच्या कडेला काजळ फासलं, दार लोटलं, उघडलं. चौकटीवर जिथे काळं उमटलं तिथे रंधा मारला. खालच्या बिजागरीखाली सागाची पातळ चिपाटी सारली. दार केसभर उचललं गेलं.

"आता आतली मूठ काढून टाक," वकील पायऱ्या उतरत म्हणाले. "खटका फक्त बाहेरून उघडला पाहिजे."

पलीकडच्या दाराला त्यांनी सकाळीच त्याच्याकडून खिळे ठोकवून घेतले होते. खिडक्यांच्या झिलमिल्याही, फटीफटीच्या लाकडी झडपा, पक्क्या करवल्या होत्या.

"साहेब, गाडी उलटली तर आतलं माणूस आतच राहील."

"तू सुतार आहेस की माझा बाप? सांगितलं तेवढं कर."

धाकूच्या मनात आलं, स्क्रू अर्धेच पिळावेत. दार वाटेतच निखळू दे. पण निखळलं तर पोर चाकाखाली जायची. काम वाईट केलं तर तिचा जीव जाणार होता आणि चांगलं केलं तर गाडीचा पिंजरा होणार होता. त्याने सगळे स्क्रू मुळापर्यंत पिळले, इतके, की तळहाताला फोड आला. मग मूठ काढून धुळीत फेकली.

दार लोटताच टक् आवाज झाला. फट नाही, घासणी नाही. इतकं नेमकं दार त्याने आजवर बसवलं नव्हतं, आणि त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

"बघू दे मला," म्हणत हरिहरपंत आत चढून बसले. "लाव."

धाकूने दार लावलं. आतून धक्के बसले, खांदा बसला. दार हललं नाही.

"उत्तम! उघड आता."

धाकूचा हात सवयीने खटक्याकडे गेला.

"धाकू, हात काढ."

वकिलांची बायको मंदाकिनी मागे उभी होती. केव्हा आली ते त्याला कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने परक्या माणसाशी अंगणात उभं राहून बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने हात काढला.

"अगं, काय चाललंय? धाकू, उघड!"

"आतून उघडत नाय, साहेब," धाकू म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच केलंय."

मंदाकिनी झिलमिलीशी तोंड नेऊन म्हणाली, "चार दिवस पोरीच्या पाठीला लोणी लावतेय मी. सासरच्या वळांनी भरलेली ती पाठ तुम्ही एकदा तरी बघितलीत?"

आतून पुन्हा धक्के बसले. मग आरडाओरडा. अब्रू, व्याही, लोक काय म्हणतील. मग धमक्या. तेवढ्यात पोपट घोडे घेऊन आला आणि बंद गाडीतून धन्याचा आवाज ऐकून जागीच थबकला.

"घोडे परत बांध," मंदाकिनी म्हणाली. पोपटाने गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि घोडे वळवले.

ऊन आता टपावर आलं होतं. आतला आवाज हळूहळू खाली आला.

"बरं. नाही पाठवत. उघड आता."

"तोंडचं तुमच्या कोर्टात चालत नाही म्हणता ना? मग लिहून द्या. कागद-पेन्सिल असते तुमच्या खिशात."

"तुला कुठे वाचता येतं?"

"सुमीला येतं. तुम्हीच शिकवलंत."

बराच वेळ गेला. मग झिलमिलीच्या फटीतून घडी केलेला कागद बाहेर आला. सुमती लंगडत पायऱ्या उतरली. तिने कागद उलगडला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मनाशी वाचला. धाकू तिच्या तोंडाकडे बघत होता. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "खाली सही नाहीये."

मंदाकिनीने कागद घेतला, घडी घातली आणि परत फटीतून आत सरकवला.