द्वारकाबाईंच्या कोंबड्या

द्वारकाबाईंनी तिन्ही कोंबड्या शालीत गुंडाळून एकेक करून घरात आणल्या. आईला स्वीडनला घेऊन आलेल्या मुलाने, प्रफुलने, बजावलं होतं, "आई, ही हेडमोरा जात इथलीच. पिसांखाली लोकर असते यांच्या. थंडी बाधत नाही." पण सकाळपासून बर्फ पडत होता. मुलगा-सून कामावर गेले होते आणि घरात बोलायला कुणी नव्हतं.

त्यांनी हीटर वाढवला, ताटलीत भात वाढला. "बसा वं पोरींनो," म्हणत त्या जवळ टेकल्या आणि नवरा गेल्यापासून मनात साठलेलं सगळं बोलत राहिल्या.

कोंबड्यांनी भात टाकून दिला. पंख अंगापासून दूर धरून, चोची वासून त्या धापा टाकू लागल्या. द्वारकाबाई हादरल्या. अकोल्याला मे महिन्यात त्यांच्या गावरान कोंबड्या अशाच मरायच्या.

त्यांनी घाईने तिघींना बाहेर सोडलं. कोंबड्यांनी अंग झाडलं आणि थोड्याच वेळात त्या मजेत बर्फ उकरू लागल्या. द्वारकाबाई दारात कुडकुडत उभ्या होत्या. त्यांनी हाका मारल्या, पण एकही परत आली नाही.

संध्याकाळी प्रफुल आल्यावर त्या म्हणाल्या, "बापू, मले अकोल्याले धाडून दे."

"तिथं आता कोण आहे आई तुझं?"

"कोनी नाही रे. ऊन आहे."

 प्रफुल आईच्या शेजारी बसून मोबाईलवर तिकिटं पाहू लागला.